घरच्या कंप्युटरसाठी स्वस्त नाहीतर फुकट फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला, पोळा-गणपती जवळ आला, नाहीतर लग्नाचा सीझन सुरू झाला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून ठेवले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच भाषेत ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथं नंबर दिला आहे, तिकडे जाऊन वाचा.

१. भाऊ, फोटो एडिटिंग म्हणजे फोटोशॉपच लागते ना? बाकीचं सगळं टाइमपास?

नाही लागत. फोटोशॉप दमदार आहे यात वाद नाही, पण २०१३ पासून ॲडोबीनं नवीन व्हर्जन भाड्यानंच द्यायला सुरुवात केली, महिन्याचं नाहीतर वर्षाचं पैसे भरा, भरणं थांबलं की सॉफ्टवेअर पण थांबलं. ज्याचं पोट त्याच्यावर चालते त्यानं जरूर घ्यावं. पण घरी बसून पोराच्या फॉर्मचा फोटो कापायचा, वाढदिवसाचा बॅनर करायचा, जुना फोटो साफ करायचा, एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे कशाला जाऊ द्यायचे? तेवढं काम फुकटाच्या सॉफ्टवेअरमध्ये आरामात होते, फक्त हात बसायला आठ-पंधरा दिवस लागतात, आणि ते तर फोटोशॉपले पण लागतातच.

२. सरळ एक नाव सांगा न जी, कोनतं टाकू?

गिम्प आणि त्याच्यासोबत इरफानव्ह्यू. दोन्ही फुकट. गिम्प मोठ्या कामाला (लेअर म्हणजे चित्राचे एकावर एक थर, बॅकग्राउंड काढणं, डाग मिटवणं, बॅनर), इरफानव्ह्यू रोजच्या बारीक कामाला (फोटो बघणं, कापणं, साइज कमी करणं, शंभर फोटो एकदम बदलणं). गिम्प १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, मार्च २०२५ मध्ये त्याचं ३.० आलं. डाउनलोड तीन-चारशे एमबीचं आहे, तेव्हा दिवसाचा डेटा पाहून करा. इरफानव्ह्यू तर काही एमबीतच संपते.

गिम्प पाहूनच घाम फुटत असेल तर पेंट डॉट नेट घ्या, साधं आहे, फक्त विंडोजवर चालते. त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये तेच विकत आहे, हे ध्यानात ठेवा. आणि एक खोट सांगतो, त्यात अक्षरं टाइप करून क्लिक दुसरीकडे गेलं की ती अक्षरं चित्रात जमा होतात, नंतर स्पेलिंग सुधारता येत नाही. लग्नपत्रिकेसारख्या कामाला म्हणून मी ते सांगत नाही, तिथं आत्याचं नाव शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहते.

३. यूट्यूबवाला एक सांगते, क्लासवाला दुसरं. मी सोताच कसं ठरवू?

खरं म्हणजे हाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे याची यादी वाचू नका, तुमचं स्वतःचं काम घेऊन बसा. घरातली चार कामं काढा: मोबाइलमधला एक मोठा फोटो, एक फॉर्मचा फोटो, मराठी मजकुराचा एक छोटा बॅनर, आणि एक खराब झालेला जुना फोटो. हीच चार कामं दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा, एका दुपारचं काम आहे.

करताना काय पाहायचं? उघडायला किती वेळ लागते आणि मोठा फोटो घेतल्यावर माउस अडकते का. मराठी जोडाक्षरं शाबूत राहतात का (प्रश्न ५). नेट बंद करून पाहा, चालते का. फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा, लेअर आणि अक्षरं परत बदलता येतात का. मग ती फाइल ज्याच्याकडे छापायला जाणार त्याच्या कंप्युटरवर उघडून पाहा, कारण घरी लय सुंदर दिसलं आणि फ्लेक्सवाल्याकडे उघडलंच नाही तर उपयोग काय. आणि शेवटचं म्हणजे अडल्यावर विचारायला गावात कोणी आहे का. शेजारचा पोरगा जे वापरते ते थोडं कमी चांगलं असलं तरी तुमच्यासाठी तेच चांगलं, हे मी मनापासून सांगतो.

४. माह्या कंप्युटरले ४ जीबीच रॅम हाये, विंडोज ७ हाये. गिम्प चालन का?

नवीन गिम्प ३ नाही चालणार, त्याला विंडोज १० किंवा पुढचं लागते. जुनी २.१० ची मालिका विंडोज ७ वर चालते, गिम्पच्याच वेबसाइटवर जुन्या व्हर्जनमध्ये मिळते, दुसऱ्या कोणत्या साइटवरून घेऊ नका. पण विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, विंडोज १० चा पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अशा मशीनवर बँकेची कामं करत असाल तर आधी त्याचा विचार करा. जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं तर गिम्प, इंकस्केप (अक्षरं-आकृत्यांच्या डिझाइनचं), क्रिटा (चित्र काढायचं) सगळं त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फुकट येते आणि मशीन पण थोडी हलकी वाटते.

४ जीबीवर काम करायचंच असेल तर क्रोम बंद ठेवा, अर्धी रॅम तेच खाते. मोबाइलचा फोटो उघडला की आधी गरजेपुरता लहान करा, मग एडिटिंग. गिम्पच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टम रिसोर्सेस म्हणून भाग आहे, तिथं अनडूची, म्हणजे केलेलं मागे फिरवायच्या पायऱ्यांची संख्या कमी करा.

आणि खिशात थोडेफार पैसे असतील तर ते सॉफ्टवेअरमध्ये घालू नका, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. स्लो गिम्पच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये मले तर बहुतेक वेळा गिम्पचा दोष दिसतच नाही.

५. मराठी टाइप केलं का अक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. काऊन?

दोन वेगळ्या कारणानं होते, आणि लोक दोन्ही एकत्र करतात.

पहिलं कारण सॉफ्टवेअर. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही, जोडावी लागतात, पहिली वेलांटी मागे न्यावी लागते, रफार वर चढवावा लागते. हे काम ज्या सॉफ्टवेअरला जमत नाही तिथं पाय मोडके अक्षर दिसतात. गिम्प आणि इंकस्केप यात पक्के आहेत. फोटोशॉपमध्ये पण होते, पण जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप भागात जाऊन दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागते, तो निवडला नाही की फुटते, मग लोक म्हणतात फोटोशॉप खराब. ॲफिनिटीत (प्रश्न ११) तर वर्षानुवर्षं देवनागरीची बोंब होती.

दुसरं कारण फॉन्ट. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे श्री लिपी, कृतिदेव असे फॉन्ट असतात, त्यातले जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे मोबाइल-कंप्युटर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले आहेत. म्हणून मोबाइलवरून कॉपी केलेला मजकूर त्या फॉन्टमध्ये दिसतच नाही, आणि त्यांचा मजकूर तुमच्याकडे आला की कचरा दिसते. घरच्या कामाला युनिकोड फॉन्टच वापरा: मुक्ता, बालू, हिंद, खंड, कलम, नोटो, सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि छापायला, छापलेलं विकायला पण परवानगी आहे. टायपिंगसाठी वेगळं काही नको, विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमधून चालू करा.

टेस्ट करायला हे टाइप करून पाहा: पऱ्हाटी, कर्ज, लक्ष्मी, ज्ञानेश्वर, विद्यार्थी, कृषी. पऱ्हाटीतला र नीट आला आणि विद्यार्थीचा रफार जागेवर बसला की समजा बाकीचं पण जमन.

६. सगळं बरोबर येते पण ल आणि श हिंदीसारखे दिसतात. मराठीसारखे कसे आणू?

काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि सॉफ्टवेअरने भाषा सांगितली तरच मराठी वळण येते. गिम्पच्या टेक्स्ट टूलमध्ये खाली भाषेचा पर्याय आहे, तिथं मराठी निवडा. फॉन्टमध्ये ते वळण नसेलच तर फॉन्ट बदला, दुसरा उपाय नाही.

७. दादा, फॉर्मसाठी फोटो २० ते ५० केबी मागतात. दरवेळी सेंटरवर जाऊन पैसे द्या लागतात, घरी होईल का?

होईल ताई, हे तर दोन मिनिटांचं काम आहे. बँकेच्या आयबीपीएस फॉर्मचंच घ्या, फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. इरफानव्ह्यूमध्ये फोटो उघडा, चेहरा-खांदे येतील असा कापा, कंट्रोल आर दाबून पिक्सेल टाका, मग सेव ॲज करताना जेपीजीच्या पर्यायात फाइल किती केबीची पाहिजे ते लिहायची जागा आहे, तिथं ४० लिहा. झालं. गिम्पमध्ये एक्सपोर्ट करताना क्वालिटीचा काटा सरकवला आणि प्रीव्ह्यूची खूण केली की साइज तिथंच दिसते.

कापताना लांबी-रुंदीचं प्रमाण आधी धरा, नाहीतर चेहरा चपटा होतो, आणि असे चपटे फोटो मी हॉल तिकिटावर लय पाहिले आहेत. छापील पासपोर्ट साइज पाहिजे असेल तर ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. प्रत्येक जाहिरातीत माप वेगळं असू शकते, म्हणून जाहिरात वाचूनच करा.

८. गिम्पमधी सेव केलं पण थे फाइल व्हॉट्सॲपवर दिसतच नाही.

ती एक्ससीएफ फाइल आहे, गिम्पची स्वतःची, लेअरसकट. ती तुमच्याकडे ठेवायची. दुसऱ्याले द्यायला फाइल मेनूतून एक्सपोर्ट ॲज करून जेपीजी किंवा पीएनजी काढायची. दोन्ही ठेवा, जेपीजीच परत परत उघडून सेव करत राहिलं की दर वेळी थोडी थोडी खराब होते. आणि व्हॉट्सॲपवर छापायची फाइल पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

९. काही टाकायचंच नसेल तर? ऑनलाइन होते म्हणतात.

होते. फोटोपी नावाची साइट आहे, ब्राउझरमध्येच फोटोशॉपसारखी उघडते, फुकट, बाजूला जाहिराती दिसतात. यातली कामाची गोष्ट म्हणजे तुमचा फोटो कुठं अपलोड होत नाही, तुमच्याच कंप्युटरवर काम होते, आणि पान एकदा उघडलं की मध्येच नेट गेलं तरी काम थांबत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवरचा जो खेळ चालते तो पाहता हे लय महत्त्वाचं आहे.

कॅनव्हा वेगळं. तयार डिझाइन भरपूर, मराठी पण येते, पण सगळं त्यांच्या सर्व्हरवर, नेट गेलं की बसा. बॅकग्राउंड एका क्लिकमध्ये काढणं त्यात पैसे भरल्यावरच आहे. विंडोज ११ असेल तर साध्या पेंटमध्येच २०२३ पासून लेअर आणि बॅकग्राउंड काढणं आलं आहे, ते आधी वापरून पाहा, अनेकांना माहीतच नाही.

१०. लाइट गेली अन् दोन तासाचं काम गेलं. कोणतं सॉफ्टवेअर आपोआप सेव करते?

क्रिटा आणि इंकस्केप करतात. फोटोशॉप पण मधून मधून रिकव्हरीची फाइल ठेवते. गिम्प तसं करत बसत नाही, म्हणून डाव्या हाताला कंट्रोल एसची सवय लावा. डेस्कटॉप असेल तर एक छोटा यूपीएस घ्या, लॅपटॉपवाल्यांना ही चिंता नाही.

११. ॲफिनिटी फुकट झालं म्हणतात, खरं हाये का?

खरं आहे. सेरिफ कंपनीचं ते सॉफ्टवेअर, २०२४ मध्ये कॅनव्हानं कंपनी विकत घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला ॲफिनिटी फुकट केलं. कॅनव्हाचं खातं काढावं लागते, एआयवाल्या सोयींना मात्र पैसे. फोटो, डिझाइन, पानं लावणं सगळं एकातच आहे आणि कामाला खरोखर चांगलं. पण ४ जीबीच्या मशीनवर नाद करू नका, आणि मराठी मजकुरासाठी घेत असाल तर आधी प्रश्न ५ मधली टेस्ट. पास झालं तर ठेवा, नाही तर मजकूर इंकस्केपमध्ये करून चित्र म्हणून आणा.

१२. क्रॅकवालं फोटोशॉप पेनड्राइव्हमध्ये देतो म्हणते मित्र. घेऊ का?

नका घेऊ. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगतात, तिथंच समजून घ्या. त्याच कंप्युटरवर तुम्ही बँक उघडता, आधारचे स्कॅन ठेवता. दुसरं, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. फुकट आणि कायदेशीर एवढं असताना हे लफडं कशाला?

१३. फुकटचं सॉफ्टवेअर दुकानात वापरलं, गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले, तर चालते का?

गिम्प, क्रिटा, इंकस्केप, पेंट डॉट नेट चालते, बिनधास्त वापरा. इरफानव्ह्यू नाही: ते घरगुती वापरालाच फुकट आहे, दुकानात किंवा सेवा केंद्रात वापरायचं तर त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागते.

१४. पैसे देऊनच घ्यायचं असेल तर कोणतं?

नवशिक्याला फोटोशॉप एलिमेंट्स बरं, पण २०२५ च्या व्हर्जनपासून त्याचं लायसन्स तीन वर्षांचंच आहे, एकदा घेतलं की जन्मभर हे आता राहिलं नाही. खरं फोटोशॉप त्यानंच घ्यावं ज्याच्याकडे रोज गिऱ्हाईक आहे आणि महिन्याचा हप्ता त्यातून निघते. बाकीच्यांनी प्रश्न ४ चा शेवट वाचा.

१५. घरी बॅनर केला, पण फ्लेक्सवाला सीडीआर मागते, अन् छापल्यावर रंग पण वेगळाच आला.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागला की वडसा-ब्रह्मपुरीकडे बॅनरचा जो पूर येते, तो बहुतेक कोरलड्रॉमध्येच बनते. म्हणून छापणारा सवयीनं सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची स्वतःची फाइल मागते. इंकस्केप काही सीडीआर उघडू शकते, पण सीडीआरमध्ये सेव करून देत नाही. तुम्ही मजकूर ऑब्जेक्ट टू पाथ करून (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून) पीडीएफ द्या, कोरलड्रॉ पीडीएफ उघडते आणि फॉन्टची भानगड पण मिटते. पाथ केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा आधीची फाइल वेगळी ठेवा.

रंगाचं असं की स्क्रीन लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते आणि मशीन चार शायांनी छापते. झगझगीत निळा, पोपटी, गुलाबी हे शाईत येतच नाहीत, मळके होतात. क्रिटा आणि ॲफिनिटीत सीएमवायके, म्हणजे त्या चार शायांच्या रंगातच काम करता येते. गिम्प आतून आरजीबीच, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांचंच आहे, पण छापल्यावर कसं दिसन हे प्रूफ लावून पाहता येते. घरच्या बॅनरसाठी एवढं करायची गरज नाही, झगझगीत रंग टाळा आणि छापणाऱ्याला एक छोटा तुकडा काढून दाखवायला सांगा.

साइजचा हिशोब पण इथंच सांगतो. दहा बाय चार फुटांचा बॅनर ७२ डीपीआयवर केला तर ८६४० बाय ३४५६ पिक्सेल होतात, एक एक लेअर सव्वाशे एमबीच्या जवळ जाते, ४ जीबीची मशीन तिथंच मान टाकते. रस्त्यावरून पाहायचा बॅनर अर्ध्यावर, म्हणजे ४३२० बाय १७२८ वर करा, कोणाला फरक दिसत नाही. आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवरून साहेबांचा चेहरा तीन फूट मोठा करून मागू नका, ते कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये होत नाही.

१६. आजोबांचा एकच फोटो हाये, घडी पडलेला. नवा करता येईल का?

बराच करता येते. आधी मोबाइलनं फोटो न काढता स्कॅनरवर ६०० डीपीआयनं स्कॅन करून घ्या, निम्मं काम तिथंच होते. गिम्पमध्ये लेव्हल्सनं फिका पडलेला रंग उचला, मग हील टूलनं डाग आणि बारीक चिरा, घडीची मोठी रेघ क्लोन टूलनं. डुप्लिकेट लेअर करूनच करा, मूळ तसाच ठेवा. डोळे-ओठांपाशी घाई करू नका.

एआयवाले ॲप एका सेकंदात चकाचक करून देतात, पण नीट पाहा, नाक-डोळे तेच राहतात का. फोटो लहान असेल तर ते चेहरा अंदाजानं बनवतात. भिंतीवर दुसऱ्याच माणसाला हार घातल्यासारखं होईल. अपस्केल नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर घरच्या कंप्युटरवर फोटो मोठा करते, त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते.

१७. लग्नाच्या अल्बमचे पीएसडी डिझाइन मिळाले. गिम्पमधी उघडले पण नावं बदलता येत नाही.

गिम्प पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडते, पण त्यातली अक्षरं चित्र होऊन येतात. तीच फाइल फोटोपीमध्ये उघडा, तिथं मजकूर मजकूरच राहते आणि फोटो बदलायच्या चौकटी पण बऱ्याचदा चालतात. मराठी नाव टाकलं आणि फुटलं तर ते डिझाइन जुन्या फॉन्टवर बनलेलं आहे, प्रश्न ५ पाहा आणि तिथं युनिकोड फॉन्ट लावा.

१८. कॅमेऱ्याचे रॉ फोटो कशात उघडायचे?

डार्कटेबल किंवा रॉथेरपी. दोन्ही फुकट, दोन्ही जड. ८ जीबीच्या खाली बसू नका.

१९. मार्कशीटवर नावात एक अक्षर चुकलं. स्कॅन करून सुधारून अपलोड केलं तर कोणाले समजते?

हा प्रश्न फॉर्मच्या दिवसात दर वर्षी येते, बहुतेक वेळा वाईट हेतू नसते, बाप बिचारा घाईत असते. पण ते बनावट कागद करणं झालं, मग चूक बोर्डाची असली तरी. कागद पडताळणीला मूळ मार्कशीट मागतात, ऑनलाइन पण तपासतात, आणि तिथं पोराची सीट जाते, वरून गुन्हा. शाळेतून बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज करा, तोपर्यंत आहे तेच अपलोड करा. स्कॅनमध्ये वाकडा कागद सरळ करणं, बाजूचं टेबल कापणं, अंधार असेल तर उजळ करणं, केबी कमी करणं, एवढं करायला हरकत नाही. अक्षर, आकडा, तारीख, सही-शिक्का, याला हात लावायचा नाही.